धार लावूनही विळा चालत नाही : कारण ओळखण्याचा क्रम आणि दुरुस्ती

विळ्याला धार लावून आणावी आणि कडवळाच्या दोन पेंढ्या होतात न होतात तोच तो पुन्हा ओढू लागावा, ही तक्रार सोलापूर भागात जनावरे सांभाळणाऱ्या घरांत नेहमीची आहे. पुन्हा धार लावली की पुन्हा एखादा दिवस निभतो आणि दर खेपेला पाते मात्र थोडे थोडे अरुंद होत जाते. दोष बहुधा पिकाच्या कडकपणाला, नाहीतर लोखंडाला दिला जातो, मग नवा विळा आणला जातो आणि काही महिन्यांत त्याचीही तीच गत होते. विळा बदलूनही दुखणे जात नसेल, तर त्याचे मूळ विळ्यात कमी आणि त्याला धार लावण्याच्या रीतीत जास्त आहे असे धरूनच तपासणीला लागावे, असे माझे मत आहे.

येथे जे लिहिले आहे ते मुख्यतः साध्या, बिनदात्याच्या विळ्याविषयी आहे. लसूणघास, कडवळ, मक्याची हिरवी वैरण, गहू, सोयाबीन आणि बांधावरचे गवत यांसाठी आपल्याकडे तोच हाती असतो. रब्बी ज्वारीची ताटे बऱ्याच शिवारांत उपटूनच काढली जातात, त्यामुळे तिथे विळ्याचा प्रश्न फारसा येत नाही. दातेरी विळा, उसाचा कोयता आणि युरोपी पद्धतीचा लांब दांड्याचा विळा यांचे नियम निराळे असल्याने त्यांचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

आधी पाहणी, मग दगड

विळा प्रथम पाण्याने धुऊन चिंधीने कोरडा करावा. घासाचा रस आणि धूळ मिळून पात्यावर काळसर, चिवट थर बसतो आणि तो ताटाला चिकटत असल्याने धार चांगली असूनही विळा जड लागतो. थर निघाल्यावर विळा उन्हाकडे धार करून धरावा आणि सावकाश वरखाली कलवत धारेवरून सरळ नजर टाकावी. तयार धारेवर उजेड परावर्तित होत नाही, ती नजरेला दिसतच नाही. धार गेलेली असेल तिथे केसाएवढी चकचकीत रेघ दिसते. ही रेघ मुठीपासून टोकापर्यंत सलग असेल तर धार सर्वत्र सारखी झिजलेली आहे. ती तुटक, ठिपक्यांसारखी असेल तर विळा दगडांवर आपटला आहे. रेघ मुळीच दिसत नसेल आणि तरीही विळा कापत नसेल, तर बहुधा धारेच्या कडेला बर राहिली आहे, म्हणजे घासताना पातळ झालेली पोलादाची कोर एका अंगाला वळून बसली आहे. अंगठ्याचे नख पाठीकडून धारेकडे, पात्याच्या दोन्ही बाजूंनी एकेकदा अलगद सरकवून पाहावे. ज्या बाजूला नख कडेशी अडकते, त्या बाजूला बर आहे.

त्यानंतर धारेलगतच्या पट्टीचा रंग पाहावा. तिथे जांभळी किंवा निळी झाक असेल, तर पुढचे काही वाचण्याआधी ग्राइंडरविषयीचा भाग वाचावा, कारण अशा विळ्यावर दगड कितीही घासला तरी उपयोग होत नाही. रंग पुसला गेला असेल, अशी शंका असेल, तर कानशीची परीक्षा घ्यावी. बारीक कानशीचा एकच हलका हात धारेच्या मधल्या भागावर आणि तसाच एक हात मुठीजवळच्या, सहसा न वापरल्या जाणाऱ्या धारेवर द्यावा. मुठीजवळ कानस थोडी घसरून मग धरते आणि मध्ये मात्र ती लगेच, मऊपणे चावते, असे जाणवले तर मधल्या भागाचे पाणी, म्हणजे पोलाद तापवून बुडवल्याने आलेला कडकपणा, उतरले आहे.

ग्राइंडरवर उतरलेले पाणी

वारंवार धार जाण्याच्या तक्रारींत सर्वांत जास्त वेळा सापडणारे कारण हेच आहे, आणि त्याची गंमत अशी की ते उपायाच्या रूपातच येते. वेल्डिंगच्या दुकानात विळा दिला की मिनिटभरात ठिणग्यांचा फवारा उडवून तो चकचकीत करून मिळतो, हाताला धार तेज लागते, पैसेही थोडेच पडतात. परंतु टेबलावरच्या ग्राइंडरचे चाक मिनिटाला सुमारे २,८०० फेरे घेते, हातातला छोटा अँगल ग्राइंडर तर ११,००० च्या आसपास, आणि धारेची कड इतकी पातळ असते की तिथे निर्माण झालेली उष्णता पसरायला पोलादच नसते. सेकंद-दोन सेकंदांत कडेचा रंग बदलतो. हे रंग तापमानाची बऱ्यापैकी खूणच असतात: सुमारे २२० ते २३० अंश सेल्सियसला फिकट पिवळा, २६० च्या आसपास तपकिरी, २८० ला जांभळा आणि ३०० च्या सुमारास निळा. पिवळ्यापर्यंत विळ्याचे फारसे बिघडत नाही. निळा दिसला की त्या पट्टीचा कडकपणा धार टिकण्याइतका उरलेला नसतो.

निळा दिसताच विळा पाण्यात बुडवण्याची सवय सर्वत्र आहे आणि त्यामुळे पाणी परत चढते, असा समजही आहे. ते खरे नाही. पोलाद पाण्याने कडक व्हायचे असेल तर ते आधी साधारण ८०० अंशांपर्यंत तापावे लागते. ३०० अंशांवरून बुडवल्याने ते फक्त थंड होते. म्हणून जो विळा दर आठवड्याला ग्राइंडरवर जातो, तो दर आठवड्याला मऊ कडेनिशी परत येतो, ती कड दोन दिवसांत दबते आणि तो पुन्हा ग्राइंडरवर जातो. पाते अरुंद होण्याचे कारणही हेच आहे, कापणीने इतके पोलाद झिजत नाही.

उपाय कष्टाचा असला तरी साधा आहे. निळी पट्टी बहुधा एक ते दोन मिलिमीटरच खोल असते. ती कानशीने, हाताने, काढून टाकावी आणि मधूनमधून वरची कानशीची परीक्षा घ्यावी. मुठीजवळच्या भागाइतकीच कानस इथेही घसरू लागली की कडक पोलाद लागले असे समजावे आणि तिथून नवी धार घडवावी. संपूर्ण पातेच मऊ झाले असेल तर लोहाराकडे जाऊन नव्याने पाणी देऊन घेण्यावाचून मार्ग नाही. पाणी देताना पाते किती लाल झाले हे डोळ्यांनीच ठरते, म्हणून हे काम सावलीत करणारा लोहार पसंत करावा. भर उन्हात तापलेल्या लोखंडाचा रंग खरा कळत नाही. योग्य तापमानाची आणखी एक खूण म्हणजे सुमारे ७७० अंशांना पोलाद लोहचुंबकाला ओढले जाण्याचे थांबते, आणि त्याच्या थोडे वर गेल्यावरच ते बुडवायचे असते. बुडवल्यानंतर जाणता लोहार धारेची पट्टी दगडावर घासून उजळ करतो, पाठीतल्या शिल्लक उष्णतेने रंग धारेकडे सरकत येतात ते पाहतो आणि पिवळा-तपकिरी रंग कडेपर्यंत पोहोचताच पुन्हा बुडवतो. ही दुसरी पायरी गाळली तर पाणी जास्त होते आणि धारेचे टवके उडतात. ‘मामा, रंग बघून उतरवा,’ एवढे म्हटले तरी काम जाणणारा माणूस ओळखतो की गिऱ्हाईक कशाविषयी बोलते आहे.

ग्राइंडर टाळणे शक्यच नसेल तर मोठे टवके काढण्यापुरताच तो वापरावा, पाण्याची बादली शेजारी ठेवून प्रत्येक स्पर्शानंतर पाते बुडवावे, आणि कड पूर्ण पातळ होण्याआधी थांबून शेवटचे काम दगडावर करावे. डोळ्यांवर चष्मा हवा. फिरत्या चाकाशी हातमोजे घालू नयेत. मोजा चाकात ओढला जातो. सायकलवर पायाने चाक फिरवून धार लावणारे कारागीर गल्लीत येतात, त्यांच्या चाकाचा वेग कमी असल्याने पाते जळण्याचा धोका पुष्कळच कमी असतो, आणि मला विचाराल तर वेल्डिंगच्या दुकानापेक्षा विळा त्यांच्या हाती देणे केव्हाही बरे.

पोलादच नसेल तर

काही विळ्यांना पाणी उतरण्याचा प्रश्नच नसतो, कारण त्यांत ते कधी चढलेलेच नसते. आठवडी बाजारात पॉलिश केलेले, रंगीत मुठीचे स्वस्त विळे मिळतात. त्यांतले काही साध्या लोखंडी पट्टीचे असतात, जिच्यात कार्बनचे प्रमाण पाव टक्क्याहून कमी असते आणि जी कितीही तापवून बुडवली तरी म्हणावी तशी कडक होत नाही. याउलट ट्रकच्या कमानीच्या पाट्यात कार्बन साधारण अर्धा ते ०.६ टक्का असतो, म्हणून घिसाडी आणि गावातले लोहार ‘पाट्याचा आहे’ असे आवर्जून सांगतात. फरक ओळखण्यासाठी पात्याच्या पाठीचा कोपरा, धार नव्हे, क्षणभर चाकाला लावून ठिणग्या पाहाव्यात. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ आणि कमी फुटणाऱ्या असतात. कार्बन जास्त असलेल्या पोलादाच्या ठिणग्या जवळच फुटून त्यांना चांदण्यांसारखे फाटे येतात. मऊ लोखंडाचा विळा निघाला तर त्यावर मेहनत घेऊ नये.

जाड झालेला खांदा

पाणी चांगले आहे, बर नाही, धार उजेडात दिसत नाही आणि तरीही विळा ताटात शिरताना अडतो, अशी स्थिती असेल तर दोष धारेच्या मागे असतो. विळा घडवताना पाते पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ ठेवलेले असते. वर्षानुवर्षे धार लावत गेल्याने कड मागे सरकत जाड भागात येते आणि दर वेळी आपण फक्त टोकाच्या अर्ध्या मिलिमीटरवर दगड फिरवत असल्याने तिथे आखूड, उभट उतार तयार होतो. हा विळा नखाला तेज लागतो, पण ताट दुभंगताना खांदा घासतो. मोजण्याची सोपी रीत अशी, की एका बाजूने उतार असलेल्या विळ्याची घासलेली पट्टी तिच्या मागच्या पात्याच्या जाडीच्या पावणेतीन ते तीन पट रुंद असावी. म्हणजे पाते २ मिलिमीटर जाड असेल तर पट्टी साडेपाच ते सहा मिलिमीटर. तेव्हा कोन सुमारे २० अंशांचा येतो आणि तो वैरणीच्या विळ्याला योग्य असतो. पट्टी दोन-तीन मिलिमीटरच असेल तर कानशीने ती मागे वाढवत न्यावी, कडेला हात न लावता.

खांदा फारच जाड झाला असेल तर विळा शेवटून, म्हणजे लोहाराकडून ठोकून पातळ करून, आणावा. लोहार पाते तापवून ऐरणीवर धारेकडची बाजू ठोकून पातळ करतो आणि पुन्हा पाणी देतो. यात पोलाद वाया न जाता पुढे सरकते, हा याचा कानशीवरचा मोठा फायदा आहे. सुगीआधी एकदा हे काम करून घेतले की हंगामभर केवळ दगडावर भागते. मात्र पाणी दिलेला आपला विळा गार असताना घरी हातोडीने ठोकू नये. कडक कड तडकते.

कोणता दगड, कोणती कानस

विळ्याची धार आतल्या वळणाला असते आणि घरात असलेला दगड बहुधा सपाट विटेसारखा असतो. सपाट दगड आतवळणावर फक्त त्याच्या कोपऱ्यांनी टेकतो, त्यामुळे धारेवर ठिकठिकाणी खळगे पडतात आणि मधले भाग अस्पर्श राहतात. उजेडात पाहिलेली तुटक रेघ काही वेळा दगडांमुळे नसून यामुळेही असते. म्हणून विळ्यासाठी होडीच्या आकाराचा, दोन्ही टोकांना निमुळता आणि बाजूंनी गोलसर असा कार्बोरंडमचा दगड घ्यावा. सोलापुरातील हार्डवेअरच्या दुकानांत तो मागितला तर मिळतो. दोन्ही बाजूंनी वापरायचा असेल तर एक बाजू जाडी व दुसरी बारीक कणांची पाहून घ्यावी. कानस अर्धगोल, ८ किंवा १० इंची, मध्यम दात्यांची असावी आणि तिला लाकडी मूठ बसवलेलीच असावी, कारण उघडे शेपूट तळहातात घुसते.

घराच्या पायरीच्या शहाबादी फरशीवर विळा ओढण्याची रीत जुनी आहे. ही फरशी चुनखडीची असते आणि चुनखडी पोलादापेक्षा पुष्कळच मऊ असल्याने ती धार काढत नाही. फार तर बर सरळ होते आणि थर निघतो, म्हणून क्षणभर बरे वाटते. विहिरीच्या काळ्या दगडाच्या पायरीवर त्याहून थोडे अधिक काम होते, पण तो खडबडीत आणि असमान असल्याने धार करवतीसारखी खरबरीत होते. फरशीचा खरा उपयोग वेगळा आहे: वापरून मध्ये खोलगट झालेला सपाट दगड सरळ करायचा असेल तर फरशीवर ओली वाळू टाकून त्यावर तो गोल गोल घासावा.

प्रत्यक्ष धार लावताना विळ्याची मूठ डाव्या हातात धरून पाठ लाकडी ओंडक्याला टेकवावी आणि टोक अंगापासून दूर ठेवावे. उताराच्या पट्टीवर स्केच पेनाने काळी रेघ ओढून घ्यावी. मग दगडाचे दोन हात द्यावेत आणि रेघ कुठे पुसली गेली ते पाहावे. ती खांद्याशीच पुसली असेल तर दगड जास्त आडवा पडला आहे, फक्त कडेशी पुसली असेल तर जास्त उभा धरला आहे, आणि सर्व पट्टीवर सारखी पुसली असेल तर तोच कोन हाताला लक्षात ठेवून पुढे जावे. हात मुठीकडून टोकाकडे, तिरका, एकाच दिशेने द्यावा. कानस केवळ पुढे जाताना कापते, म्हणून मागे येताना ती उचलावी. रेटून मागे ओढली तर तिचेच दाते मरतात. दात्यांत लोखंडाचा चुरा अडकू नये म्हणून तिला आधी खडू चोळावा आणि नंतर तारेच्या ब्रशने साफ करावी.

घासता घासता दुसऱ्या बाजूला पूर्ण लांबीभर बारीक बर नखाला लागली की ती बाजू झाली. नंतर दुसऱ्या बाजूने दगड पात्याला जवळजवळ सपाट टेकवून एक-दोनच हलके हात द्यावेत आणि शेवटी दोन्ही बाजूंनी आळीपाळीने, दाब कमी करत जाऊन बर पुसून काढावी. बरेच जण बर हाताला लागली की ‘धार आली’ म्हणून थांबतात. ती बर पहिल्याच मुठीला वळते किंवा तुटते आणि तिच्या जागी बोथट कड उरते. ‘लावली तेव्हा छान होती, पहिल्या दहा मिनिटांतच गेली’ या तक्रारीचे कारण सहसा एवढेच असते. विळ्याला उतार एका बाजूने आहे की दोन्ही, हे आधी पाहून घ्यावे, कारण एका उताराच्या विळ्याला सपाट बाजूनेही तिरके घासले तर त्याची घडणच बिघडते. असे विळे बहुतेक उजव्या हातासाठी केलेले असतात. डावखुऱ्या माणसाला ते जड जातात आणि त्याने लोहाराकडून उलट उताराचा विळा करून घ्यावा.

परीक्षा म्हणून अंगठा धारेवरून फिरवू नये. कडवळाचे एक पान टोकाला धरून लोंबते ठेवावे आणि विळा नुसता टेकवून ओढावा. पान न वाकता तुटले पाहिजे. तरीही हात कापलाच आणि विळा मातीने भरलेला असेल, तर धनुर्वाताच्या इंजेक्शनाविषयी डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावे.

माती, गारगोटी आणि हाताची चाल

ज्वारीवर्गीय ताटांच्या आणि पानांच्या पेशींत सिलिकेचे सूक्ष्म कण असतात. त्यांचा कठीणपणा विळ्याच्या पोलादाच्या जवळपास जातो, त्यामुळे कोणताही विळा वैरण कापताना हळूहळू झिजणारच. ही झीज सावकाश असते. गारगोटी मात्र पोलादाहून कठीण असते आणि माळाच्या मुरमाड रानात तिची वाण नसते. तिच्यावर विळा एकदा घासला की सकाळची मेहनत जाते. बार्शीकडे सोयाबीन काढताना विळे इतके लवकर बसतात ते याचमुळे: ताट सुकून टणक झालेले असते आणि ते जमिनीलगत कापावे लागते. तिथे सकाळच्या दवात, ताट थोडे मऊ असताना काम उरकणे आणि दुसरा तयार विळा बांधावर ठेवणे, हाच व्यवहार्य मार्ग आहे. लसूणघास मात्र जमिनीपासून चार बोटे वरच कापावा. त्याने विळाही वाचतो आणि घासाला फूटही चांगली येते.

झटका देऊन तोडणे आणि ओढून कापणे यांतही फरक पडतो. मूठभर ताटे धरून विळा मुठीकडच्या धारेपासून टोकाकडे सरकत जाईल असा ओढला, तर धारेची सगळी लांबी काम करते. मधल्या वळणानेच हिसके दिले तर मधलीच दोन इंच जागा झिजते, आणि पाहणीत नेमकी तिथेच चकचकीत रेघ दिसते.

शेतात दगड, पाण्याची छोटी बाटली आणि चिंधी जवळ ठेवून दर पाच-सहा पेंढ्यांनंतर दोन्ही बाजूंनी दोन-तीन हलके हात द्यावेत. पूर्ण बोथट होईपर्यंत थांबून संध्याकाळी अर्धा तास घासण्यापेक्षा यात पोलादही कमी जाते.

इतर पात्यांविषयी

दातेरी विळ्याच्या दात्यांच्या बाजूला दगड लावू नये. दाते एकाच बाजूला पाडलेले असतील तर मागची सपाट बाजू बारीक दगडावर सपाट ठेवून घासली की दात्यांची टोके पुन्हा उघडतात. दाते निम्मे झिजल्यावर तो विळा बदलावा. त्रिकोणी कानशीने एकेक दाता कोरण्याचे कष्ट त्याच्या किमतीला परवडत नाहीत. गहू आणि भातासारख्या वाळलेल्या, बारीक काडीला तो उत्तम आहे, ओल्या, रसाळ घासाला नाही.

उसाच्या कोयत्याला वैरणीच्या विळ्याचा कोन देणे ही चूक आहे. उसाच्या बुडख्यात साखर जास्त असल्याने ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, म्हणजे कोयता मातीत जाणारच. त्याला २५ ते ३० अंशांची भक्कम धार ठेवावी आणि ती दगडापेक्षा कानशीने वरचेवर जागी करावी.

लांब दांड्याचा, उभ्याने दोन्ही हातांनी चालवायचा युरोपी विळा कोणी लसूणघासासाठी मागवला असेल, तर त्याला आपल्या विळ्याचे नियम लावू नयेत. ऑस्ट्रियन घडणीचे पाते पातळ आणि लवचीक असते, आणि त्याची कड तापवून नव्हे तर गारच, लहानशा ऐरणीवर हातोडीने ठोकून कागदासारखी पातळ करतात. म्हणजे आपल्याकडे लोहार जे भट्टीवर करतो ते तिथला शेतकरी स्वतः, काही तासांच्या कापणीनंतर, बांधावर बसून करतो. नवख्यांसाठी उभ्या खुंटीवर बसणाऱ्या दोन टोप्यांचे साधन मिळते. पहिल्या टोपीने कडेपासून थोडे आत आणि दुसरीने अगदी कडेवर ठोकायचे असते. ठोकून झाल्यावर कड अंगठ्याच्या नखावर दाबली तर ती किंचित लवताना दिसली पाहिजे. त्यानंतर धार लावण्याचे काम केवळ ओल्या दगडाचे, आणि तो दगड पाण्याने भरलेल्या, कमरेला अडकवलेल्या नळकांड्यात ठेवतात. पूर्वी त्यासाठी गाईचे शिंग वापरीत. दर काही मिनिटांनी थांबून दगड फिरवला जातो. ‘दहा गुंठे सलग कापले आणि धार गेली’ ही या विळ्याबाबत तक्रार नव्हे, ती रीत न पाळल्याची खूण आहे. अमेरिकी घडणीची पाती मात्र जाड आणि कडक असतात, ती ठोकायची नसतात, ओल्या चाकावर घासायची असतात. आपले पाते कोणत्या जातीचे हे विकत घेतानाच विचारून ठेवावे. ग्राइंडर दोन्हींना वर्ज्य.

गंज, मूठ आणि ठेवण

धार न वापरताही जाते, आणि त्याचे कारण गंज असतो. भाद्रपदाच्या पावसात ओला विळा गोठ्याच्या कुडात खोचून ठेवला तर दोन रात्रींत कडेवर तांबूस ठिपके येतात आणि तिथे सूक्ष्म खड्डे पडतात. धुऊन, पुसून, उन्हात मिनिटभर धरून मग मशीन ऑइलचा हलका हात द्यावा. आपल्याकडे घरात करडईचे तेल असते म्हणून तेच फासले जाते. हे तेल हवेत हळूहळू सुकून चिकट पापुद्रा धरते, त्यामुळे पात्यावर ते नको आणि दगडावर तर मुळीच नको, दगडाची छिद्रे बुजतात. लाकडी मुठीला मात्र त्याच गुणामुळे ते चांगले. गाडीचे जळके ऑइल गंज अडवते खरे, परंतु जो विळा रोज वैरणीत जातो त्याला ते लावू नये. दगडावर पाणी वापरायला सुरुवात केली असेल तर पुढेही पाणीच वापरावे, आणि बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने त्यावर पांढरा थर आला तर काथ्याने घासून काढावा.

मूठ हलत असेल तर धारेचा कोन हातात राहत नाही, म्हणून ती आधी दुरुस्त करावी. उन्हाळ्यात सोलापूरची कोरडी हवा लाकूड आवळते आणि शेपटाभोवती फट पडते. मूठ रात्रभर पाण्यात भिजत घालण्याचा उपाय चार दिवस टिकतो. लाकूड फुगते, पुन्हा सुकते, फट आणखी वाढते आणि आतले लोखंड गंजते. त्यापेक्षा बाभळीच्या लाकडाची बारीक पाचर ठोकावी, किंवा मुठीच्या भोकात लाखेचा चुरा भरून शेपूट गरम करून आत दाबावे आणि गार होईपर्यंत हलवू नये. गरम करताना पात्याला ओले फडके गुंडाळावे, नाहीतर मूठ बसेल आणि पाणी उतरेल.

शेवटी तडा. पाते दोऱ्याने लोंबते धरून हलकेच टिचकी मारावी. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर धारेपासून पाठीकडे जाणारी केसाएवढी भेग शोधावी. भेग कडेला दोन-तीन मिलिमीटरच असेल तर कानशीने तेवढी कड मागे नेता येते. ती त्याहून आत गेली असेल तर वेल्डिंग करून घेऊ नये, कारण सांध्याच्या दोन्ही बाजूंचे पाणी त्या उष्णतेने जाते आणि पाते तिथेच, हात जोरात असताना, तुटते. असा विळा भंगारात द्यावा, आणि त्याची मूठ शाबूत असेल तर ती काढून ठेवावी.